असल दाखला

सपकाळ बाबूंच्या टेबलापर्यंत पोचायचं तर आधी हात धुवावे लागत. ऑफिसच्या दाराशीच तिवईवर एक माठ होता, त्याच्यावर गडू आणि बाजूच्या खिळ्याला जुन्या धोतराचं फडकं. माणूस रानातून आलेला असो की तहसीलीतून, बाबू चष्म्यावरून आधी त्याच्या हातांकडे बघत आणि नुसतं माठाकडे बोट करत. मी नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा मलाही त्यांनी माठ दाखवला. एम.एस्सी. झालेली, इस्त्रीची साडी नेसलेली मी, माझ्या हातांना काय झालं होतं? पण धुतले. मग त्यांनी माझी प्रमाणपत्रं एकेक करून टेबलावर मांडली, तळहातानं सपाट केली, वाचली, आणि म्हणाले, "मॅडम, दहावीवर तुमचे वडील दत्तू हायेत अन डिग्रीवर दत्तात्रय. एक करून आणा."

एक करून आणायला मला पुन्हा अंकुशनगर गाठावं लागलं. वडील तिथल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. सगळं ऐकून ते खूश झाले, म्हणाले, असा माणूस आमच्या काट्यावर पाहिजे होता. माझा मात्र एका आठवड्याचा पगार बुडाला होता, त्यामुळे मला ते कौतुक काही पचलं नाही.

जालना नुकताच जिल्हा झाला होता. आमचं कनिष्ठ महाविद्यालय भोकरदन तालुक्यातलं, पत्र्याच्या सहा खोल्या आणि पुढं एक लिंबाचं झाड. मी रसायनशास्त्र शिकवायची. सपकाळ बाबू हेडक्लार्क. शिपाई धरून ऑफिसात माणसं तीन, पण कॉलेज चालायचं ते बाबूंवर, हे प्राचार्यांनाही मान्य होतं. पायजमा, पांढरा सदरा, काळी टोपी, खिशाला दोन पेन. निळा लिहायला आणि लाल फक्त चुकीवर रेघ मारायला. लाल पेन वर्षानुवर्षं तसाच भरलेला असायचा, कारण चूक होऊच द्यायची नाही हा त्यांचा हट्ट.

कागदाला घडी घातलेली त्यांना खपायची नाही. कुणी पोरगं गुणपत्रिका चार घड्या करून खिशातून काढू लागलं की बाबूंचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. मग ते त्याला समोर उभं करून सांगत, की घडी पडते तिथं कागद आधी पिवळा होतो, मग चिरतो, आणि नेमका तुझ्या नावावर चिरतो. निजामाच्या राज्यात त्यांचं शिक्षण सुरू झालेलं, पहिल्या चार इयत्ता उर्दूत. त्यामुळे मूळ प्रतीला ते 'ओरिजिनल' कधी म्हणायचे नाहीत. असल म्हणायचे. बाकी सगळी नक्कल.

आणि असल एकच. ह्यावरून त्यांची एकदा चांगलीच परीक्षा झाली. तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ जीपमधून आले. त्यांच्या मुलाला कुठल्याशा भरतीत वय आडवं येत होतं, म्हणून रजिस्टरातली जन्मतारीख एक वर्षानं पुढं सरकवायची होती. प्राचार्य चहा सांगून बसले, मी खिडकीतून बघत होते. बाबूंनी त्यांनाही आधी हात धुवायला लावले. गृहस्थांनी हसत हसत धुतले. मग बाबूंनी रजिस्टर काढलं, ते पान उघडलं, त्यांच्यापुढं ठेवलं आणि स्वतः उठून बाजूला उभे राहिले. म्हणाले, "तुमीच खोडा साहेब. खाली सही करा, का मी खोडलं म्हणून." गृहस्थ उठून गेले. बाबूंची वेतनवाढ दोन वर्षं अडकली. घरी चार माणसं खाणारी, तरी त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी विषय काढला तर म्हणाले, रजिस्टर काय माझ्या बापाचं आहे का.

असा माणूस नुसताच ताठ असता तर मी त्यांच्यावर लिहायला बसले नसते. ताठ माणसं ऑफिसातून खूप भेटतात आणि बहुतेक वेळा ती आपल्याला जाचच देतात. बाबूंचं वेगळं होतं. बारावीच्या परीक्षा संपल्या की ह्या माणसाच्या अंगात वारं शिरायचं. रविवारी सायकल काढायची, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत निरनिराळ्या अभ्यासक्रमांचे फॉर्म, आणि खेड्यापाड्यांत फिरायचं. आयटीआय, डी.एड., तंत्रनिकेतन, शेतकी पदविका, काय काय असतं ते आमच्या पोरांना माहीत नव्हतं आणि आईबापांना तर नाहीच. बाबू पारावर बसून सांगायचे. त्यांचं सांगणं ठरलेलं. "आपून एस.टी.त काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. मंग भांडत बसतो का? न्हाई. तसंच हाय हे. आधी जागा धरा. बसायचं का न्हाई ते मंग बघू."

ह्या घाईचं मूळ मला बरंच उशिरा कळलं, तेही त्यांच्या बायकोकडून, पापड लाटताना. बाबूंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ते स्वतः मॅट्रिकला तालुक्यात पहिले आले होते. त्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर मेंढरं घेऊन बुलढाण्याकडे गेले आणि पाऊस लांबल्यामुळे परत यायला उशीर झाला. हैदराबादेच्या कॉलेजचं बोलावणं घरी तीन आठवडे पडून होतं. वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. हा गडी तिथवर गेला आणि प्रवेश बंद झाल्याचं ऐकून आला. मग कारकून झाले. बायकोनं हे सांगितलं ते असं, की जणू कुणाचा पाय लहानपणी मोडला होता.

तर त्यांच्या त्या रुमाल टाकण्यानं कितीतरी पोरं मार्गाला लागली, हे मी पाहिलेलं आहे. गफूर नावाचा एक मुलगा होता, बाप सायकली दुरुस्त करायचा. बारावीत नापास होणार ह्याची गफूरलाच खात्री होती, म्हणून त्यानं कुठंच अर्ज केला नव्हता. बाबूंनी दहावीच्या गुणांवर त्याचा आयटीआयचा फॉर्म परस्पर भरून टाकला, फी स्वतःच्या खिशातून. फोटो हवा होता तर वर्गाच्या ग्रुप फोटोतलं त्याचं डोकं कापून चिकटवलं. गफूर खरंच नापास झाला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी वेल्डरच्या जागेचं पत्र आलं. गफूरचा बाप कॉलेजात आला आणि बाबूंपुढं उभा राहिला. बाबूंनी त्याला माठ दाखवला. त्याच्या हाताला ग्रीस होतं ना.

आता मंगलबद्दल सांगायला हवं. इथवर मी थोडी रेंगाळले ते मुद्दामच.

मंगल धावडा गावची. वडील कडूबा अण्णा, विहिरीचं पाणी असलेली बरी जमीन, मिरची आणि कापूस. खाऊनपिऊन सुखी घर होतं, कुणाचं देणं नाही. पोरगी गणितात अशी, की आमचे गणिताचे सर फळ्यावर अडकले की तिच्याकडे बघायचे. कमी बोलणारी, तेल लावून घट्ट दोन वेण्या, आणि प्रश्न सुटला की खालचा ओठ दातात धरायची. तिनं इंजिनिअर व्हावं हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? तिच्या नाही. घरच्यांच्या तर शक्यच नाही. ते बाबूंच्या डोक्यात आलं.

त्या सुमाराला खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघायला लागली होती. देणगी घ्यायची आणि जागा द्यायची. जिल्ह्याबाहेर असंच एक निघालं होतं. भिंतींना अजून गिलावा नव्हता, पाटी मात्र दुरून दिसेल एवढी. त्यांची रीत अशी की निकालाच्या आधी जागा धरली तर देणगी कमी, निकालानंतर जास्त. अर्धे पैसे लगेच, अर्धे कॉलेज सुरू होताना. आणि धरलेली जागा पक्की राहावी म्हणून विद्यार्थ्याचे सगळे मूळ कागद त्यांच्याकडे जमा. बाबू चौकशी करून आले आणि कडूबा अण्णांना बोलावून घेतलं.

कडूबांकडे पैसे होते, पण ते मंगलच्या लग्नाचे होते. नवीन जालन्यातल्या एका बँकेत ठेवपावती करून ठेवलेले, पोरगी पाचवीत होती तेव्हापासून. अण्णा त्या दिवशी ऑफिसात आले. मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे द्यायला आत गेले होते, म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "सर, हे पोरीचं लगीन हाय. हे तुमच्या हातात देऊन राह्यलो." बाबू म्हणाले, "अण्णा, सरकारी कालेजात नंबर लागला तर हेची गरजच न्हाई. न्हाई लागला तर पोरगी घरी तरी बसायची न्हाई. जागा धरलेली बरी." अण्णांनी एवढंच विचारलं, की तुमची मुलगी असती तर धरली असती का. बाबू म्हणाले, बिलकुल धरली असती.

दोघं मिळून बँकेत गेले. मुदतीआधी पावती मोडू नका असं तिथला माणूस सांगत होता म्हणे. मंगलची परीक्षा संपली होती, निकालाला दीड महिना होता. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे टीसी म्हणतात, तो खरं तर आम्ही निकालानंतर द्यायचो. बाबूंनी नियमाचं पुस्तक बघितलं. पालकानं अर्ज केला तर परीक्षेनंतर देता येत होता. त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात दाखला लिहिला, फुंकर घालून वाळवला, रजिस्टरात मंगलच्या नावापुढं 'असल दाखला दिला' अशी नोंद केली आणि दहावीच्या प्रमाणपत्रासकट सगळं स्वतः त्या कॉलेजात नेऊन जमा करून आले. मला म्हणाले, रुमाल टाकून आल्तो मॅडम. एवढे खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. मंगलला आमच्या कॉलेजात आजवर कुणाला मिळाले नव्हते तेवढे गुण मिळाले. कडूबा अण्णांनी अख्ख्या कॉलेजला पेढे वाटले. सरकारी कॉलेजचा फॉर्म बाबूंनी नकला लावून आधीच भरला होता. गुणवत्ता यादीत तिचं नाव आलं आणि प्रवेशफेरीचं पत्र धावड्याला पोचलं. गुरुवारी पत्र, सोमवारी औरंगाबादला हजर राहायचं. खाली छापलेलं होतं: सोबत सर्व मूळ कागदपत्रे आणावीत, अन्यथा प्रवेशाचा विचार केला जाणार नाही.

मूळ कागदपत्रं त्या बिनगिलाव्याच्या कॉलेजात होती.

शुक्रवारी सकाळी बाबू पहिल्या एस.टी.नं तिकडे गेले. अध्यक्ष गावात नाहीत, शनिवारी या. ते तिथंच कुणाच्या तरी ओसरीवर राहिले. शनिवारी सांगितलं, की चारी वर्षांची फी भरा आणि कागद न्या, नाही तर भरलेले पैसे परत मागणार नाही असं पालकाच्या सहीनं लिहून द्या. पालक धावड्याला. रविवार सुट्टी. शनिवारी दुपारी बाबू हात हलवत परत आले ते थेट ऑफिसात. टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांना टोपीविना मी पहिल्यांदाच बघत होते. डोक्यावर केस जवळजवळ नव्हतेच.

प्राचार्य आले, मी गेले. मार्ग सोपा होता आणि तिघांनाही तो दिसत होता. कोरे दाखले कपाटात, शिक्का ड्रॉवरमध्ये. बाबूंनी दुसरा दाखला लिहायचा, प्राचार्यांनी सही करायची. प्राचार्य म्हणालेसुद्धा, मी डोळे मिटून करतो. बाबूंनी रजिस्टर काढलं. मंगलचं पान उघडलं. निळा पेन उघडला. आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे, बाहेर शिपायानं अख्खं अंगण झाडून काढलं. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मॅडम, हेच्यात एका नावाम्होरं दोन असल न्हाईत," ते म्हणाले. "म्या लिवलं तर मंग ते साहेब जीप घेऊन आल्ते, त्यांचं काय चुकलं व्हतं?"

मी त्यांना बोलले. बरंच बोलले. एका पोरीचं आयुष्य आणि तुमचं रजिस्टर, ह्यात तुम्हाला निवड करावी लागते ह्याचीच मला लाज वाटते, असं काहीतरी बोलले. मग निदान तिला तसंच सोमवारी औरंगाबादला घेऊन जा, असं प्राचार्य म्हणाले, तर बाबूंनी पत्र पुढं केलं आणि त्या छापील ओळीवर बोट ठेवलं. छापलेलं आहे म्हणाले. छापलेल्यापुढं आम्हीही गप्प झालो. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, आजही येतो. पण आज त्यात माझाही वाटा आहे. मी शिकलेली होते, मी मंगलचा हात धरून सोमवारी औरंगाबादची बस पकडू शकले असते. मला कुणी अडवलं होतं?

रविवारी बाबू सायकलनं धावड्याला गेले. सोमवारी ते आणि कडूबा अण्णा त्या खाजगी कॉलेजात जाऊन बसले. अण्णांनी पैसे सोडल्याच्या कागदावर सही केली, तेव्हा संध्याकाळी कागद हातात पडले. मंगळवारी तिघं औरंगाबादला गेले. मंगलची जागा आदल्या दिवशी यादीतल्या पुढच्याला देऊन झाली होती. तिथल्या खिडकीवर बाबू एकटेच बोलायला गेले. मंगल आणि अण्णा बाहेर नळाजवळ सावलीत थांबले होते. बाबू परत आले आणि म्हणाले, चला. मंगलनं काही विचारलं नाही. हे मला मंगलनंच नंतर सांगितलं, अगदी सपाट आवाजात, पाढा म्हणावा तसं.

सरकारी जागा गेली, खाजगीही सोडून दिली होती, आणि पहिल्या हप्त्यात भरलेले लग्नाचे पैसेही बुडाले. शेजारच्या गावातल्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. कडूबा अण्णांनी मिरचीच्या दोन सुगींवर भागवून पुढच्या वैशाखात लग्न उरकलं. मंगलला बी.एस्सी. तरी करू द्या म्हणून मी धावड्याला गेले होते. तिच्या आईनं मला शेवयांची खीर वाढली आणि विषय बदलला.

लग्नाला बाबू आले होते. मांडवात कोपरा धरून बसले होते, पण अण्णांनी त्यांना शोधून काढलं, हाताला धरून पुढं आणलं, आणि मानाचा शेला त्यांच्या खांद्यावर घातला. व्याह्यांच्या आधी. हे आमचे सर, अण्णा सगळ्यांना सांगत होते, ह्यांच्यामुळं पोरगी बारावीला पहिली आली, नशिबात नव्हतं ते सोडा, पण माणसानं एवढं कुणासाठी करावं? बाबू म्हणाले, "अण्णा, जरा ऐका, मला तुमाला एक—" तेवढ्यात अक्षता सुरू झाल्या. वाजंत्रीत पुढचं बुडालं. शेला खांद्यावर तसाच घेऊन ते उभे राहिले, आणि मग माझं लक्ष मंगलकडे गेलं. ती बाबूंकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. पंक्तीला बाबू बसले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात सायकल निघाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी पालक आपण होऊन विचारायला आला तर बाबू फॉर्म देत, काय भरायचं ते सांगत, पण कुठं जागा धरा असं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. टीसी मागायला आलेल्याला ते तीन-तीन वेळा विचारायचे, कशाला पाहिजे, कुणाला देणार, परत कधी आणणार. नवीन पोरं वैतागायची. त्यांच्यासाठी तो एक किरकिरा म्हातारा कारकून होता, हात धुवायला लावणारा. स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल व्हायची. एकदोनदा मीही हसले.

तीन-चार वर्षांनी एका मुलाबरोबर मला औरंगाबादच्या प्रवेशफेरीला जावं लागलं. त्यानं कागदांची पिशवी एस.टी.त विसरली होती आणि तो रडकुंडीला आला होता. मी घाबरत घाबरत टेबलावरच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हमीपत्र लिहून द्या, आठ दिवसांत आणा. मी म्हटलं, पण पत्रावर छापलेलं आहे. ते हसले. म्हणाले, छापावं लागतं मॅडम, नाही तर कुणीच काही आणणार नाही. मुदत तर आम्ही पहिल्यापासून देतो. मुलाचं काम झालं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मुलाला वाटलं, ऊन लागलं.

ही गोष्ट मी बाबूंना सांगितली नाही. पुढं दहा वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं, रोज बोललो, एका ताटात भेळ खाल्ली, पण सांगितली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या अक्षराबद्दल बोलले.

मग मध्ये बरीच वर्षं गेली. प्रवेशांचं सगळंच बदललं. पोरं कॅफेत बसून संगणकावर अर्ज भरायला लागली, आईबाप शिक्षणासाठी बँकांच्या कर्जाच्या चौकशा करायला लागले. बाबूंची नजर गेल्याचं कळलं. काचबिंदू, उशीर झाला होता. हिवाळ्यात एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले. बायको वारली होती, मुलगा कामाला बाहेर, सून शेतात. बाबू ओट्यावर उन्हात बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. उजेड तेवढा कळतो म्हणाले, माणूस कळत नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं.

"मॅडम, खरं सांगा. त्या सोमवारी मंगलला तसंच नेलं असतं, बिनअसलाचं, तर घेतलं असतं का हो?"

इतक्या वर्षांत मला ह्या प्रश्नाची भीती होती आणि उत्तरही तयार होतं. मी म्हटलं, "नसतं घेतलं बाबू. नियमच होता तसा. छापलेलंच होतं."

ते हसल्यासारखे झाले. "घेतलं असतं," म्हणाले. "मला ठावं हाय. मंगळवारी खिडकीवरच्या माणसानं सांगितलं व्हतं. काल पोरगी आणली असती तर आठ दिवस दिले असते म्हणला. माझ्या मागं ते दोघं नळापाशी उभे व्हते. मी तसाच वळलो अन चला म्हणलो."

म्हणजे त्या मांडवात शेला घेताना त्यांना माहीत होतं. मी खोटं बोलले होते आणि ते त्यांना कळलं होतं, पण त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, मंगलला कधी सांगितलं का. "सांगितलं. कडूबा वारला, तवा पोराला घेऊन आल्ती भेटायला. तवा सांगितलं सगळं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. आत गेली. सून घरी नव्हती, तिनंच चहा केला. मला दिला. कप इसळून ठेवला, मला ऐकू आलं. मंग पोराला म्हणली, चल. त्याच्यानंतर न्हाई आली."

मी निघाले तेव्हा ते काठी टेकत ओट्याच्या कडेपर्यंत आले. मी नको नको म्हणत होते. कोपऱ्यावर माझी रिक्षा उभी होती. मी बसले, तेवढ्यात समोरून जालन्याकडे जाणारी दुसरीच एक रिक्षा धडधडत त्यांच्या दारावरून गेली. बाबूंनी तिच्या आवाजाकडे तोंड फिरवलं आणि हात वर केला. ती वळणापलीकडे गेली तरी हात तसाच वर होता. मी इकडे बसले होते, दहा पावलांवर. हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही. त्यांचा हात खाली येईपर्यंत मी रिक्षावाल्याला गाडी सुरू करू दिली नाही.